अहवालावरचे तिसरे नाव : के. एम. पणिक्कर यांच्या कारकिर्दीचा बेळगावातून केलेला प्रकरण अभ्यास

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रबंधासाठी भारताचे परराष्ट्र धोरण हा विषय घेतला, तोवर घरात सगळे खूश होते. मग तिने सरदार के. एम. पणिक्कर हे नाव पक्के केले. संध्याकाळी सोप्यात पुस्तक उघडून बसली असता आजोबांनी विचारले, "काय वाचालीस गे?" तिने नाव सांगितले. ऐंशी ओलांडलेले आजोबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "फाजल अली आयोगातला तोच न्हवं? त्याचं नाव हाय त्या अहवालावर. त्या अहवालापायी आमच्या अंगावर काठ्या पडल्या. दुसरा माणूस मिळाला नाही व्हय तुला?"

रविवारी ती माझ्याकडे आली ती विषय बदलायच्या तयारीनेच. मी राज्यशास्त्र शिकवत आलो. आता शहापुरात दर रविवारी सकाळी आठ मुलांना घेऊन बसतो. काही स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आहेत, काही नुसती वाचायला येतात. मी तिला विषय बदलू दिला नाही. बेळगाव कर्नाटकाकडे देणाऱ्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या, म्हणजेच फाजल अली आयोगाच्या, अहवालावर पणिक्करांचे नाव आहे. आजोबांचा आक्षेप खोटा नव्हता, म्हणूनच हा माणूस नीट तपासायला हवा असे मला वाटले. आम्ही सगळ्यांनी मिळून पाच रविवार या एका प्रकरणावर घालवले. त्याचे हे टिपण.

आधी माणूस कोण ते सांगतो. कावालम माधव पणिक्कर त्रावणकोरचे. मद्रासला आणि मग ऑक्सफर्डला इतिहास शिकले, अलीगढला शिकवले, हिंदुस्तान टाइम्सचे सुरुवातीचे संपादक झाले. पुढे संस्थानिकांच्या सेवेत गेले. पतियाळा आणि बिकानेर इथे परराष्ट्रमंत्री, बिकानेरला शेवटी दिवाण. गोलमेज परिषदांच्या वेळी संस्थानिकांच्या बाजूने काम केले, आणि १९४७ साली बिकानेरला संविधान सभेत आणण्यात त्यांचाच मोठा हात होता. या सगळ्या धबडग्यात लिहिणे कधी सुटले नाही. १९४५ साली हिंदी महासागरावरचे त्यांचे पुस्तक आले. भारताची सुरक्षितता खैबरखिंडीइतकीच समुद्रावर अवलंबून आहे, हे तेव्हा फारसे कोणी बोलत नव्हते. १९५३ च्या 'एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स' या ग्रंथात त्यांनी वास्को द गामा कालिकतला उतरला त्या १४९८ पासून १९४५ पर्यंतचा काळ एकच सलग युग म्हणून मांडला. साडेचारशे वर्षे एका नजरेत घेणारा हा माणूस. ही नजर लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरून चालते.

१९४८ साली ते चीनमध्ये राजदूत म्हणून गेले. त्यांच्या डोळ्यांदेखत नानजिंगमधले च्यांग कै-शेकचे सरकार कोसळले. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी नव्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली आणि १९५० च्या मे महिन्यात पणिक्कर बीजिंगमध्ये दाखल झाले. अमेरिकेचा तिथे दूतावास नव्हता. चीनला वॉशिंग्टनपर्यंत काही पोचवायचे तर ज्या थोड्या वाटा होत्या, त्यांत दिल्लीची वाट महत्त्वाची होती. त्या वाटेच्या तोंडाशी पणिक्कर बसले होते.

जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले. १५ सप्टेंबरला अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने इंचॉनला सैन्य उतरवले आणि पारडे एकदम फिरले. उत्तर कोरियाचे सैन्य मागे हटू लागले. आता प्रश्न एवढाच उरला, की अमेरिकन फौजा दोन कोरियांमधल्या ३८ व्या अक्षांशावर थांबणार की ओलांडून पुढे चीनच्या हद्दीपर्यंत जाणार.

इथे आमच्या वर्गाला पहिली ठेच लागली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खुद्द पणिक्करांचेच मत होते की चीन या युद्धात थेट पडणार नाही, आणि ते त्यांनी दिल्लीला कळवलेही होते. २५ सप्टेंबरला जनरल न्ये रोंगझेन यांनी जेवणानंतरच्या गप्पांत त्यांना सांगितले, की अमेरिकन आमच्या सीमेपर्यंत आले तर आम्ही हातावर हात ठेवून बसणार नाही. तेव्हापासून पणिक्करांचे मत हलू लागले.

२ ऑक्टोबरच्या रात्री ते झोपी गेले होते. नोकराने उठवले. चिनी परराष्ट्र खात्याचे आशिया विभागाचे प्रमुख दिवाणखान्यात येऊन बसले होते. पंतप्रधानांनी आत्ताच भेटायला बोलावले आहे, असा निरोप होता. साडेबारा वाजता पणिक्कर चौ एन-लाय यांच्यासमोर होते. चौ यांनी स्वच्छ सांगितले : दक्षिण कोरियाचे सैन्य अक्षांश ओलांडून गेले तर ती वेगळी गोष्ट, पण अमेरिकन सैन्याने तो ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी त्याच रात्री दिल्लीला तार केली. दिल्लीने ती लंडन आणि वॉशिंग्टनला कळवली.

वॉशिंग्टनने ती गंभीरपणे घेतली नाही. ७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, अमेरिकन तुकड्या अक्षांशापलीकडे गेल्या. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थरने अध्यक्ष ट्रुमनना सांगितले, चीन युद्धात पडण्याची शक्यता फार थोडी आहे. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य कोरियाच्या सीमेवरची यालू नदी ओलांडू लागले. त्यानंतर ते युद्ध १९५३ च्या जुलैपर्यंत चालले.

एवढी नेमकी बातमी, एवढ्या वरून आलेली, आणि कुणी ऐकली नाही. का?

मुलांचे पहिले उत्तर ठरलेले होते : अमेरिकेचा गर्व. ते चूक म्हणता येणार नाही, पण तेवढ्यावर मी त्यांना सोडले नाही. तार वाचणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा, असे सांगितले. त्याच्यापुढे आमसभेतले मतदान तोंडावर आलेले आहे. अशा वेळी आलेली धमकी मतदान फिरवण्यासाठीच असावी, असे त्याला वाटणार. निरोप आणणारा राजदूत चीनकडे झुकलेला आहे, हे त्याच्या खात्यात कधीचे ठरून गेले आहे. ट्रुमन यांनी पुढे आठवणींतही तसेच लिहिले, की हा गृहस्थ चिनी साम्यवाद्यांचा खेळ बऱ्याचदा खेळत आलेला होता. आणि फायलीत त्याच राजदूताचे दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे मत आहे, चीन युद्धात पडणार नाही. मग नव्या तारेवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

माझे मत असे, की पणिक्करांच्या शब्दाचे वजन २ ऑक्टोबरच्या रात्री ठरले नाही. आधीच्या पाच महिन्यांत ते ठरून गेले होते. नव्या चीनबद्दल त्यांना आस्था होती आणि ती त्यांनी लपवली नाही. तिच्यामुळेच चौ यांनी त्यांना अर्ध्या रात्री बोलावले, आणि तिच्यामुळेच पलीकडे त्यांचे ऐकले गेले नाही. परराष्ट्र धोरणात सल्लागार होऊ पाहणाऱ्याने हा पेच नीट समजून घ्यावा. आपल्याकडे म्हणतात, ज्याच्या घरी जेवलास त्याच्याबद्दल पंचायतीत बोलू नकोस. राजदूताला मात्र जेवायचेही असते आणि पंचायतीत बोलायचेही असते.

इथवर पणिक्कर आमच्या वर्गात नायक झाले होते. येळ्ळूरची मुलगी तर आजोबांना हे कसे सांगायचे याची वाक्ये जुळवत होती. मग आम्ही तिबेट उघडले.

त्याच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी सैन्य पूर्व तिबेटात चामदोवर चालून गेले. १९ तारखेला, म्हणजे यालू ओलांडली गेली त्याच दिवशी, चामदो पडले. दिल्ली तोवर बीजिंगला प्रश्न शांततेने सोडवा असे सांगत होती आणि तसा विश्वासही बाळगून होती. २५ तारखेला बीजिंगने स्वतः जाहीर केले, तेव्हा दिल्लीची खात्री पटली. निषेधाचा खलिता गेला. ३० तारखेला उत्तर आले, की हा चीनचा घरगुती प्रश्न आहे. ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात पणिक्करांवरही ठपका आहे : आपल्या राजदूताने चीनच्या धोरणाला काहीतरी कारण, काहीतरी समर्थन शोधून देण्याचा फार खटाटोप केला आहे, असा त्याचा आशय.

एकच राजदूत, एकच राजधानी, एकच महिना. कोरियाबद्दल त्यांनी कळवले ते अक्षरशः खरे ठरले. तिबेटबद्दल दिल्ली गाफील राहिली, आणि त्या गाफीलपणात त्यांचा वाटा होता.

यावर वर्गात खूप वाद झाला. एका मुलाचे म्हणणे होते, कोरियाचा इशारा चीनला द्यायचाच होता म्हणून मिळाला, तिबेटचा बेत लपवायचा होता म्हणून मिळाला नाही. यात राजदूताचे काय चुकले? मुद्दा खरा आहे. चौ यांनी सांगितले ते पणिक्करांनी पोचवले, ही निरोप्याची कामगिरी. सांगितले जात नाही ते ताडणे ही अभ्यासकाची कामगिरी, आणि पणिक्कर तिथे अभ्यासक म्हणूनच गेले होते. मला वाटते त्यांची मोठी नजरच तिथे आड आली. साडेचारशे वर्षांनी आशियातून युरोप मागे हटतो आहे, चीन पुन्हा एक होऊन उभा राहतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे असले की चामदोतली वस्ती दिसत नाही. कोरियात प्रश्न सत्तांचा होता, सत्तांची चाल त्यांना वाचता येत होती. तिबेटात प्रश्न तिथे राहणाऱ्या लोकांचाही होता.

हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि वर्ग गप्प झाला. सीमाभागातल्या मुलांना पुढचे सांगावे लागत नाही. राज्याची सीमा कशावरून ठरावी याच्या चार गोष्टी आमच्याकडे लहानपणापासून पाठ असतात : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा.

२९ डिसेंबर १९५३ रोजी राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती फाजल अली, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर. कुंझरू म्हणजे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. आणि त्याचबरोबर इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासाची देशातली जुनी संस्था उभी करणारे. १९५५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय संबंधांचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले, त्यामागेही तेच होते. पुढे १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाले. आज आमची मुले ज्या केंद्रात प्रवेशाचे स्वप्न बघतात, ते हेच. म्हणजे बेळगावचे भवितव्य लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघे परराष्ट्र धोरणाचे लोक होते. मला स्वतःला हे पन्नाशीत ध्यानात आले, आणि इतकी वर्षे शिकवूनही आपण दोन टोके जोडली नाहीत याची खंत वाटली.

३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर झाला. आयोगाने शक्यतो जिल्हा हा घटक धरला. बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे, त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळायचा. १९५६ च्या जानेवारीत निर्णय जाहीर झाला, १७ तारखेला बेळगावात गोळीबार होऊन माणसे गेली, आणि १ नोव्हेंबरपासून नकाशा बदलला. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी, हे इथल्या वर्षाचे दोन दिवस त्या अहवालातूनच आले आहेत.

चौथ्या रविवारी मी मुलांना वर्गात बसवलेच नाही. वेंगुर्ला रस्त्याने आम्ही बाचीपर्यंत गेलो आणि तिथून चालत सीमेपलीकडच्या, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला. एका बाजूला पाट्या कन्नडमध्ये, चार पावलांवर त्या मराठीत होतात. रस्त्याकडेची दुकाने, बायकांच्या बोलण्यातले हेल, भाताची खाचरे, काही बदलत नाही. रताळ्याची पोती भरलेला एक टेंपो चंदगडकडून बेळगावच्या बाजाराकडे निघाला होता. चालकाला विचारले, कोल्हापूरला का नेत नाही? तो म्हणाला, "कोल्हापूर लांब पडतंय की. आमचं सगळं बेळगावलाच. दवाखाना पण तिकडंच."

ही सीमा म्हणजे आयोगाने केलेला अपवाद आहे. चंदगडात मराठी फार मोठ्या बहुसंख्येने आहे म्हणून तो जिल्ह्यातून काढता आला. याचा अर्थ जिल्हा मोडता येत होता. तालुका मोडता येतो तर खेड्यापर्यंत का जाता येऊ नये, हा आमच्या लोकांचा गेल्या सात दशकांचा प्रश्न आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी लवाद म्हणून पाटसकरांनी खेडे हाच घटक धरला होता. या सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली काही गावांची देवघेव सुचवली पण बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

आजोबांच्या आक्षेपाला इथे मी तपासून एक दुरुस्ती केली. बेळगावबद्दलची शिफारस तिघांची आहे, ती एकट्या पणिक्करांच्या माथी मारता येत नाही. पण दुसऱ्या बाजूने एक गोष्ट त्यांच्यावर येते. उत्तर प्रदेश एवढा अवाढव्य राहिला तर संघराज्याचा तोल बिघडेल, असे पणिक्करांना वाटत होते. म्हणून त्यांनी त्या राज्याच्या विभाजनासाठी अहवालाला स्वतंत्र टीप जोडली. पटले नाही तिथे वेगळे लिहिण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. बेळगावसाठी त्यांनी तसे लिहिले नाही. राज्याराज्यांचा तोल त्यांना दिसला, कारण ती मोठ्या घटकाची गोष्ट होती.

आणि ज्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. त्याच अहवालात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणावर वेगळा भाग आहे. त्यानंतर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. आज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठीतून परिपत्रके मागताना, मराठी शाळेसाठी अर्ज करताना आमचे कार्यकर्ते याच कलमांचा आधार घेतात. ज्या अहवालाने आम्हाला अल्पसंख्य केले, त्याच अहवालानंतर अल्पसंख्याकाच्या हक्काची कलमेही आली. दोन्ही गोष्टी एका मनात ठेवणे जड जाते, पण ठेवल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

पुढची कारकीर्द थोडक्यात. १९५२ ते ५३ इजिप्तमध्ये राजदूत, आयोगानंतर फ्रान्समध्ये, १९५९ साली राज्यसभेवर नियुक्ती. शेवटी ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि डिसेंबर १९६३ मध्ये म्हैसुरातच वारले. ज्या राज्याच्या उत्तर सीमेवर त्यांच्या आयोगाची रेघ आहे, त्याच राज्यात.

शेवटच्या रविवारी मी दोन लेखी कामे दिली. पहिले : तुम्ही २ ऑक्टोबर १९५० च्या रात्रीचे पणिक्कर आहात, दिल्लीला पाच ओळींची तार लिहा. बहुतेकांनी चौ यांचे शब्द उतरवून खाली 'अत्यंत तातडीचे' लिहिले. एकाने तीन ठिकाणी उद्गारचिन्हे घातली. येळ्ळूरच्या मुलीची तार अशी सुरू होत होती : "मागच्या पंधरवड्यात मी याच्या उलट कळवले होते. ते मत मागे घेत आहे. कारण पुढीलप्रमाणे." मग न्ये रोंगझेनचे बोलणे, मग चौ यांचे, आणि शेवटी कोणते शब्द त्यांचे आणि कोणता अंदाज आपला, हे वेगळे करून. मी ती तार वर्गात दोनदा वाचून दाखवली. वॉशिंग्टनने ती मानली असतीच असे मी म्हणत नाही. पण फायलीत जुने मत बघणाऱ्याला निदान उत्तर मिळाले असते.

दुसरे काम : पणिक्करांनी उत्तर प्रदेशावर जशी टीप लिहिली तशी बेळगाववर लिहा. घोषणा चालणार नाहीत, आयोगाच्याच भाषेत लिहायचे. हे काम अजून एकाचेही पुरे झालेले नाही. चंदगड ज्या कारणाने वगळला ते कारण खेड्याखेड्याला लावून बघायचे, तर गावनिहाय आकडे हाती पाहिजेत. तिने १९५१ च्या जनगणनेची बेळगाव जिल्ह्याची पुस्तिका मिळवली आहे. रात्री जेवण झाल्यावर ती गावांची नावे वाचते आणि आजोबा वहीत उतरवून घेतात. छपाईत चुकलेली नावे तेच दुरुस्त करतात. बेळगाव तालुका संपला आहे. खानापूर निम्म्यावर आला आहे.